पटावरून कमी

आमच्या घरात सकाळी दोन माणसं घाईत असायची, पण दोघांच्या घाईची तऱ्हा वेगळी. बाबांची घाई सगळ्या आळीला कळायची. ते अंगणातल्या फरशीवर उभे राहून अंघोळ करायचे, तांब्या आपटायचे, खाकरायचे, मध्येच कुणाला तरी हाक मारून पंचायतीच्या नळाचं काय झालं ते विचारायचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते टर्नर होते आणि वर गावच्या पंचायतीचे सभासद. आईची घाई मुकी. ती पहाटे चुलीपाशी बसायची. तांदळाच्या भाकरीची उकड मळताना परातीचा घुमल्यासारखा आवाज यायचा, मग हातावर भाकरी थापल्याची थपथप, मग तव्यावर भाजलेल्या जवळ्याचा वास. तो वास केसांत बसायचा आणि दुपारपर्यंत निघायचा नाही. बाबांचा डबा भरला, माझी वेणी घातली, की ती सुती साडी बदलायची, खांद्याला पिशवी लावायची आणि शाळेची किल्ली घेऊन निघायची. माझी आई गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. मुख्याध्यापिका म्हटलं की लोकांना टेबल, घंटा, शिपाई असलं काहीतरी दिसतं. डोंबल. कुलूप तीच काढायची आणि झाडूही तीच मारायची. चार वर्ग, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. दुसरे मोरे गुरुजी, घाटावरून बदलून आलेले, शांत, तब्येतीने किरकोळ, पण पाढे म्हणायला लागले की रस्त्यावरची माणसं थांबायची.

आई मूळची खडवलीची. तिच्या गावातून डी.एड. झालेली ती पहिली मुलगी, आणि हे ती कुणाला सांगायची नाही, पण विसरायचीही नाही. लग्न होऊन ती आमच्या खाडीकाठच्या आगरी गावात आली तेव्हा डोंबिवली स्टेशन आणि आमचं गाव यांच्यामध्ये नुसती भातशेती होती. माझ्या लहानपणी त्या शेतीतली बरीचशी कंपन्यांकडे गेली होती. भोंगे वाजायचे, ओढ्याचं पाणी कधी तांबडं तर कधी हिरवं यायचं, आणि गावची बायामाणसं त्याला नावं ठेवत ठेवत कंपन्यांच्या कँटीनमध्ये कामाला जायची. पण कंपन्यांचा कर पंचायतीला मिळू लागला होता. आमच्या पंचायतीच्या हातात पहिल्यांदाच चार पैसे खेळू लागले होते, आणि ते कशावर घालवायचे यावर देवळाच्या पारावर रोज एक नवीन बेत निघायचा.

परवा माझ्या मुलाने मोबाइलवर एक लांबलचक लेख पाठवला. सरकारने शाळांना पैसे देण्यापेक्षा पालकांच्या हातात शिष्यवृत्ती द्यावी, मग ज्याला जी शाळा हवी ती त्याने निवडावी, असं कुणीतरी लिहिलं होतं. खाली दुसऱ्या कुणीतरी त्याला झोडपलं होतं. मुलाने विचारलं, आई, तुझं मत काय? मी मोबाइल उलटा ठेवला. दमले मी या वादाला. चाळीस वर्षांपूर्वी हाच वाद आमच्या स्वयंपाकघरात झाला, आई एका बाजूला आणि बाबा एका बाजूला, आणि मी मध्ये पाटावर बसून जेवत होते. तेव्हा दोघांचंही बरोबर होतं, आणि बरोबर असण्याचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

ही कल्पना बाबांची. कारखान्यात त्यांच्यामागून लागलेला एक मुलगा सुपरवायझर झाला, कारण त्याला इंग्रजीतलं पत्र वाचता यायचं. बाबांचा हात त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला होता, हे तो मुलगाही कबूल करायचा. त्या दिवशी बाबा घरी आले ते डबा ओट्यावर ठेवून न जेवताच झोपले. मग महिनाभराने त्यांनी पंचायतीत ठराव मांडला. दर घरटी एका पोराला पंचायतीची शिष्यवृत्ती. फी, गणवेश, पुस्तकं आणि नेण्या-आणण्याचा टेम्पो, सगळं पंचायत भरणार. शाळा आईबापांनी निवडायची. डोंबिवलीतली, कल्याणातली, इंग्रजी, मराठी, वाटेल ती.

आईला हे कळलं ते नळावर, बायकांकडून. घरी येऊन तिने बाबांना जेवायला वाढलं आणि मग विचारलं. ती चिडली की तिचं बोलणं आणखी शुद्ध व्हायचं, पुस्तकासारखं. ती म्हणाली, त्याच पैशात तिसरा शिक्षक ठेवता येईल, पत्रे बदलता येतील, मुलींसाठी मुतारी बांधता येईल, इंग्रजी शिकवायला आठवड्यातून दोनदा कुणालातरी बोलावता येईल, आणि हे सगळं सगळ्या पोरांना मिळेल. बाबा म्हणाले, पत्रे बदलल्याने पोरां इंग्रजी बोलत नाहीत. आई म्हणाली, दहा-बारा पोरं गेली तर माझा पट ठरावीक आकड्याच्या खाली येईल, मोरे गुरुजींची जागा जाईल, मग उरलेल्यांना एकटीने काय शिकवू? बाबा म्हणाले, उरतील कशाला? सगल्यांनाच पाठवू ना. आईने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला. सगळ्यांना घेणार आहेत का ते? एवढंच ती म्हणाली. बाबांनी आणखी भात मागितला.

हा वाद पुढे दीड महिना चालला. आमच्याकडे भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे. दोघं आपापलं काम करता करता एक-एक वाक्य टाकायची, आणि त्याचं उत्तर कधीकधी दुसऱ्या दिवशी यायचं. आई वाल सोलता सोलता म्हणायची, ज्यांच्यात धमक आहे ते आईबाप निघून गेले तर शाळेचं भांडण कोण भांडणार. बाबा दुसऱ्या दिवशी सायकल पुसता पुसता म्हणायचे, शालेचं भांडन करता करता माझी पोर म्हातारी होईल. मला दोघांचंही पटायचं. सात वर्षांची होते मी, आणि खरं सांगायचं तर मला टेम्पोत बसायचं होतं.

ग्रामसभा देवळात भरली. आई बायकांमध्ये मागे बसली होती, पण तिला बोलायला उभं केलं. ती शाळेत बोलते तसं स्वच्छ बोलली, आणि तिथेच तिचं चुकलं, असं मला आता वाटतं. गावाला तिचं बोलणं कळलं, पण ते बाईंचं होतं, गावचं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, बाई सोताच्या नोकरीसाठी बोलतान. आई खाली बसली. मग बाबा उठले. त्यांनी भाषण केलं नाही. ते म्हणाले, "मी तीस जणांच्या पुढं हात जोडून पत्र वाचून घेतलंय. माझ्या पोरीना कुनाचं पत्र वाचून घ्यायला जायचं नाय. बाकी तुमचं तुमी बघा." ठराव मंजूर झाला. हात वर करताना बाबांनी आईकडे पाहिलं नाही, आणि आईने त्यांचा हात वर गेलेला पाहिला. हे मी पाहिलं. घरी येताना दोघंही माझ्याशीच बोलत होती.

यमुनाची गोष्ट इथे सांगायला हवी. यमुना माझी जिवाभावाची मैत्रीण, खाडीवरच्या कोळीवाड्यातली. तिची आई जनाबाय डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायची. यादीत नाव घालायला जनाबाय सगळ्यांच्या आधी पंचायतीत हजर. सगळ्यांनी डोंबिवलीतली एकच इंग्रजी शाळा निवडली होती, आणि तिने पोरांबरोबर आईबापांनाही मुलाखतीला बोलावलं होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले, आईने रजा टाकली आणि बरोबर आली. आई स्वतः शिक्षिका आहे म्हटल्यावर समोरच्या बाई हसल्या, त्यांनी आम्हाला चहा विचारला. आमच्यानंतर जनाबाय आत गेली. तिने नवीन लुगडं नेसलं होतं, अंबाड्यात अबोलीची वेणी होती. त्यांनी तिला विचारलं की घरी मुलीचा अभ्यास कोण घेणार. जनाबाय म्हणाली, शाला हाय ना त्यासाठी. मला आजही वाटतं की त्या दिवशी त्या खोलीत एवढं एकच शहाणं वाक्य कुणी बोललं असेल. यमुनाला घेतलं नाही. गावातल्या अकरा पोरांना घेतलं, सगळ्यांना पुन्हा पहिलीत, वय काही असो. उरलेली ज्यांची नावं यादीत होती ती गपचूप आईच्या शाळेत परत येऊन बसली. निवडायचं आम्ही म्हणत होतो, पण निवडलं शाळेने. आपलंच खरं झालं म्हणून आईला बरं वाटलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याला माझी आई कळलेली नाही.

त्या शाळेबद्दल मी फार वाईट बोलणार नाही. तिथे मला पुस्तकं भेटली, एका म्हाताऱ्या मिसने मला गोष्टी सांगायला शिकवलं, आणि पुढे बँकेतली नोकरी मिळाली ती त्या शाळेमुळेच. पण सुरुवातीचे दिवस आठवले की अजून कानशिलं तापतात. शाळेने एक छापील वही दिली होती, तिच्यात वाराप्रमाणे डब्यात काय आणायचं ते लिहिलेलं असायचं. सोमवारी चपाती-भाजी, मंगळवारी सँडविच, असं. आई ती वही वाचायची, स्टेशनजवळून ब्रेड मागवायची आणि मंगळवारी माझ्या डब्यात चटणी लावलेले दोन तुकडे ठेवायची. शाळेत रोज सकाळी हजेरी व्हायची. नाव घेतलं की हात मागे बांधून ताठ उभं राहायचं आणि म्हणायचं, प्रेझेंट मिस. पहिल्या महिन्यात माझ्या तोंडून दोनदा हजर बाई निघालं आणि वर्ग हसला. तिसऱ्यांदा निघालं नाही.

इकडे आईने एक चूक केली होती. चूकच म्हणते मी, तिला दुसरं नाव देऊन उपयोग नाही. शाळेतून मूल गेलं की त्याचं नाव पटावरून कमी करायचं असतं. पण आम्हा अकरा जणांना तिकडे पहिलीतच घेतल्यामुळे जन्माचा दाखला पुरला, शाळा सोडल्याचा दाखला मागायला कुणी आईकडे गेलंच नाही. आणि आईने आपणहून नावं कमी केली नाहीत. वर्षभर ती रोज आमची नावं घ्यायची, कोणी उत्तर द्यायचं नाही, आणि ती आमच्यापुढे गैरहजेरीची खूण करायची. खोटी हजेरी तिने एकदाही लावली नाही. पण जूनमध्ये नवीन हजेरीपट आला तेव्हा तिने आमची अकरा नावं स्वतःच्या हाताने त्यात पुन्हा उतरवली, पुढच्या वर्गात. मोरे गुरुजी म्हणाले, बाई, हे महागात पडेल. आई म्हणाली, येतील परत, तिकडे जमणार नाही त्यांना. यमुनाने मला हे सांगितलं, कारण ती समोरच्याच रांगेत बसायची. यमुना म्हणाली, हेमा, तुझं नाव घेतलं ना, की बाई जरा थांबतात. मी म्हटलं, चल, काहीतरीच. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, आणि लाजही वाटली होती.

दिवाळीनंतर वरच्या ऑफिसातून कागद आला. पट एवढा आहे तर रोजची हजेरी इतकी कमी कशी, म्हणून साहेब तपासणीला येणार. आईने तो कागद बाबांना दाखवला नाही, पण मोरे गुरुजी संध्याकाळी आमच्या ओटीवर आले आणि त्यांनीच सांगितलं. पट खरा लागला नाही तर त्यांची जागा जाणार होती आणि आईवर ठपका येणार होता, तो वेगळाच. बाबा ऐकत होते. ठरावाच्या दिवसापासून त्यांच्यात आणि आईत जे काही बिनसलं होतं, ते बोलून सरळ होणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले.

आता हे समजायला आमच्या गावची रीत माहीत हवी. आमच्याकडे हळदीला सगळं गाव जेवतं. एका घरात एवढी भांडी कुठून असणार, म्हणून टोप, पराती, कढया घराघरांतून उसन्या आणायच्या, दुसऱ्या दिवशी घासूनपुसून परत पोचत्या करायच्या. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट कोणी मागायला आलं नाही तर राग येतो. बाबांनी तेच केलं. शिष्यवृत्तीवाल्या दहा घरी ते गेले आणि म्हणाले, शनवारी सकाली चार तास तुमचा पोर आमच्या बाईंना द्या. शहरातल्या शाळेला शनिवारी सुट्टी असायची, आईची शाळा शनिवारी सकाळची भरायची, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. कोणीही नाही म्हणालं नाही. ग्रामसभेत आईला नोकरीवरून बोललेला माणूस तर म्हणाला, माझा पोर सगल्यांच्या आधी न्या. भांड्यांवर निदान मालकाची नावं कोरलेली असतात. घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं तेव्हा ती पाट्यावर वाटण वाटत होती. ती वाटतच राहिली. हो म्हणाली नाही, पण नाही असंही म्हणाली नाही, आणि हे मी तिच्या बाजूने सांगत नाही, जसं घडलं तसं सांगते आहे.

शनिवारी आम्ही अकरा जण घरच्या कपड्यांत शाळेत गेलो. बाबांनी सगळ्यांना बजावलं होतं की टाय नको, बूट नको, बाई विचारतील त्याला पटकन उत्तर द्या, जास्त शहाणपणा करू नका. ते स्वतः कामावर खाडा करून खिडकीबाहेर उभे होते. मी यमुनाच्या शेजारी बसले. तिने सरकून जागा दिली आणि माझ्या पायांकडे बघून हसली, कारण रोजच्या मोज्यांमुळे माझ्या पायाला घोट्यावर गोरा पट्टा पडला होता. साहेब आले. उंच, वाकलेले, दम्याचे असावेत, खुर्चीवर बसल्यावर बराच वेळ नुसता श्वास घेत होते. सगळ्या वर्गांना एका खोलीत बसवलं होतं. ते म्हणाले, बाई, नेहमीसारखी हजेरी घ्या.

आईने पट उघडला. पहिली दोन-तीन नावं आईच्या शाळेतल्याच पोरांची होती, हजर बाई, हजर बाई. मग गणेशचं नाव आलं. गणेश शहरातल्या शाळेत माझ्याच तुकडीत होता. तो उठला, हात मागे बांधले, छाती काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, प्रेझेंट मिस. खोलीत कुणाला काही कळायच्या आत पुढचं नाव गेलं आणि तो पोरगाही तसाच उठला, प्रेझेंट मिस. बाबांनी एवढं सगळं बजावलं, बूट काढायला लावले, टाय काढायला लावली, पण हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं तिकडे हजेरी कशी देतात. पहिलीतली पोरं फिदीफिदी हसायला लागली. मोरे गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं. आईचा आवाज बदलला नाही. ती एकामागून एक नाव घेत होती आणि शहरातली पोरं एकामागून एक हात मागे बांधून उठत होती. एकदा सुरू झाल्यावर त्यांना दुसरं काही सुचेचना.

साहेब सगळं समजले होते. त्यांनी टेबलावरचं पाणी घेतलं, घोटभर प्यायले आणि म्हणाले, "चला बाई, पुढचं घ्या." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते सोडून देणार होते, हे आम्हा पोरांनासुद्धा कळलं. निवृत्तीला आलेला थकलेला माणूस, त्याला संध्याकाळच्या आत घरी जायचं होतं. आईने मुलींची नावं सुरू केली. माझं नाव आलं. मी मघापासून याचीच तयारी करत होते, ओठांत घोकत होते. मी उठले, हात मोकळे सोडले, आणि अगदी साधेपणाने, थोडं खाली बघत, गावातल्या पोरींसारखं म्हणाले, "हजर, बाई."

मला वाटलं, आईला वाचवलं मी. मी वर पाहिलं तर आई माझ्याकडे बघत होती. तिने पेन खाली ठेवलं नाही, पट मिटला नाही. ती साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "यातली अकरा पोरं माझी नाहीत. दीड वर्ष नाहीत. मी नावं कमी केली नव्हती, आता करते." साहेब म्हणाले, बाई, बसा जरा. पण ती बसली नाही. उभ्या उभ्या तिने एकेक नाव खोडलं, शेवटी माझं. खिडकीबाहेर उभे असलेले बाबा निघून गेले. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः आई झाल्यावर, मी तिला विचारलं की साहेब सोडून देत होते तर तू का बोललीस. ती म्हणाली, "बाकीच्या पोरांच्या तोंडून खरं निघालं, सवयीने का होईना. तू विचार करून खोटं बोललीस, तेही इतकं छान. मला भीती वाटली गं तुझी." एवढं बोलून ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

मोरे गुरुजींची बदली झाली. जाताना ते सगळ्या पोरांना एकेक पेन्सिल देऊन गेले. आईवर ठपका आला, तिची एक वेतनवाढ रोखली, आणि ती एका खोलीत चार वर्ग एकटी घेऊ लागली. पहिलीला गिरवायला द्यायचं, तोवर तिसरीला गणित सांगायचं, तोवर पहिलीतलं कुणीतरी रडायचं. संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असायचा आणि ती खुणेने मीठ मागायची. बाबा हे रोज बघायचे. ते एकदाच म्हणाले, "तुना कोनी सांगितलं होतं खरं बोलायला?" आणि आई हसली. त्या दोन वर्षांत ती बाबांच्या बोलण्यावर हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पंचायतीची निवडणूक झाली आणि बाबा पडले. नव्या मंडळींनी शिष्यवृत्ती बंद केली. त्यांना गावाच्या वेशीवर कमान बांधायची होती, ती बांधली, अजून आहे, तिच्याखालून आता बिल्डरांचे ट्रक जातात. त्याच सुमारास बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं. अकरा जणांपैकी सात पोरं आईच्या शाळेत परत आली. येतील परत असं ती म्हणाली होती, ते खरं झालं. पण ती आली तेव्हा शिकवायला मोरे गुरुजी नव्हते. सात परत आली म्हणून गेलेली जागा काही परत मिळाली नाही, तिच्यासाठी नवीन अर्ज, नवीन मंजुरी. आई दर महिन्याला कागद पाठवत राहिली.

जून तोंडावर आला तेव्हा एका दुपारी बाबा चुलीपाशी येऊन बसले. ते एरवी तिथे बसायचे नाहीत. हातातली काडी मोडत मोडत ते म्हणाले की हेमाला पण आता आपल्याच शाळेत घालू, तू म्हणत होतीस तेच बरोबर होतं, मीच उगाच डोक्यात खूळ घेतलं. त्यांना हे बोलायला फार जड गेलं. मी दारात उभी होते आणि मला आतून आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. यमुनाच्या शेजारी बसायला मिळणार होतं. मंगळवारचा ब्रेड सुटणार होता. आई आता काय म्हणणार हे मला माहीतच होतं, म्हणून मी तिच्याकडे पाहत होते.

आईने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "हेमाला नको," ती म्हणाली.

बाबांना वाटलं, ती जुना राग काढतेय. ते म्हणाले, माफी मागू का तुझी? आई म्हणाली, "राग नाही हो. पण तिथे आता शिकणं होत नाही. मी नुसती पोरं राखते. माझ्या पोरीला तिथे नको." तिने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. सबंध गावासमोर ज्या शाळेसाठी ती उभी राहिली होती, त्या शाळेबद्दल ती हे बोलत होती. बाबांनी हातातली काडी चुलीत टाकली. मी विचारलं, मग यमुना? आईने भाकरी उलटली. मग म्हणाली, "तिला मीच आहे."

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या तारखेला आईचा जिल्हा परिषदेचा पगार झाला. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मला घेऊन शहरातल्या शाळेत गेली, खिडकीपाशी रांगेत उभी राहिली आणि माझी फी भरली. मग मला वर्गाच्या दारात सोडून ती परत गेली, कारण दुपारनंतर तिला यमुनाच्या वर्गाला भागाकार शिकवायचा होता.